नववीचे गुण आणि महाविद्यालयाचे प्रवेशद्वार : शालेय मूल्यमापनावरील विश्वासाचा तौलनिक इतिहास

प्रस्तावना

१६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीचा निकाल जाहीर केला. कोविडच्या साथीमुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती. प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ५० गुण विद्यार्थ्याच्या नववीच्या निकालावरून, ३० गुण दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनावरून आणि २० गुण गृहपाठ, तोंडी परीक्षा व प्रात्यक्षिके यांवरून देण्यात आले. एरवी ज्या नववीच्या गुणांना शाळेच्या दप्तराबाहेर किंमत नसते, तेच गुण सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेचा निम्मा भाग ठरले. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला.

या घटनेकडे आपत्काळातील एक तडजोड म्हणून पाहणे स्वाभाविक आहे. तथापि तिने उपस्थित केलेला प्रश्न जुना आहे. माध्यमिक शाळेच्या प्रारंभीच्या वर्षांतील कामगिरीला पुढील प्रवेशात वजन द्यावे की नाही, याचे उत्तर वेगवेगळ्या समाजांनी वेगवेगळे दिले आहे. अमेरिकेत नववीपासूनचे गुण महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जाबरोबर जातात. महाराष्ट्रात मात्र शेवटच्या परीक्षेपूर्वीची सर्व वर्षे प्रवेशाच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नसतात. हा भेद का निर्माण झाला, याचा ऐतिहासिक शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. नववीच्या गुणांचा प्रश्न वरवर पाहता मूल्यमापनाच्या तंत्राचा वाटतो. वस्तुतः तो शाळेतील शिक्षकाच्या शब्दावर विद्यापीठाने आणि शासनाने किती विश्वास ठेवावा, याचा प्रश्न आहे, असे या इतिहासावरून दिसते.

मिशिगनचा मार्ग : शाळेची तपासणी, विद्यार्थ्याची नव्हे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील प्रत्येक महाविद्यालय आपली स्वतंत्र प्रवेशपरीक्षा घेत असे. या पद्धतीला पहिला महत्त्वाचा छेद मिशिगन विद्यापीठाने दिला. हेन्री फ्रीझ हे हंगामी अध्यक्ष असताना, १८७०-७१ च्या सुमारास, त्या विद्यापीठाने राज्यातील सार्वजनिक हायस्कुलांशी एक नवे नाते जोडले. विद्यापीठाचे प्राध्यापक हायस्कूलला भेट देत, तेथील अध्यापन पाहत आणि शाळा योग्य वाटल्यास तिला मान्यता देत. अशा शाळेचे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला प्रवेशपरीक्षेची आवश्यकता उरत नसे. ही पद्धत पुढे मध्य-पश्चिमेकडील व पश्चिमेकडील राज्यांत पसरली. कॅलिफोर्निया विद्यापीठानेही १८८० च्या दशकात तिचा अवलंब केला.

या व्यवस्थेचा गाभा असा की, पारख शाळेची होत असे. एकदा शाळा विश्वासास पात्र ठरली की तिच्या शिक्षकाने दिलेली श्रेणी विद्यापीठाला मान्य होई. पूर्व किनाऱ्यावरील जुन्या महाविद्यालयांना हे इतक्या सहज पटले नाही. त्यांनी १९०० मध्ये महाविद्यालय प्रवेशपरीक्षा मंडळ स्थापन केले आणि १९०१ मध्ये पहिली सामायिक परीक्षा घेतली. याच मंडळाने १९२६ मध्ये ‘सॅट’ ही चाचणी प्रथम घेतली. अशा रीतीने शाळेचा अभिलेख आणि बाह्य परीक्षा हे दोन प्रवाह अमेरिकेत शेजारी शेजारी वाहू लागले.

शाळेच्या अभिलेखात नववी कशी आली, हेही पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते. कार्नेगी प्रतिष्ठानने १९०६ च्या सुमारास ‘एकक’ या मापाला निश्चित रूप दिले. एखादा विषय वर्षभर, ठरावीक तास शिकल्यास एक एकक मिळे आणि महाविद्यालयीन प्रवेशासाठी चार वर्षांत मिळून १४ एककांची अपेक्षा ठेवली गेली. त्यामुळे नववीचे वर्ष आपोआप प्रवेशाच्या हिशेबात आले. याच सुमारास सातवी, आठवी व नववी यांची वेगळी ‘ज्युनियर हायस्कुले’ निघू लागली. परिणामी अनेक ठिकाणी एक चमत्कारिक स्थिती उद्भवली. विद्यार्थी बसे लहान मुलांच्या इमारतीत, पण त्याच्या श्रेणी मात्र महाविद्यालयात जाणाऱ्या कागदावर उमटू लागत.

शाळेच्या अभिलेखाची परीक्षा

शाळेच्या शब्दावर विसंबणे योग्य आहे काय, याची पडताळणी अमेरिकेत प्रत्यक्ष प्रयोगाने झाली. प्रगतिशील शिक्षण संघटनेने १९३३ ते १९४१ या काळात ‘आठ वर्षांचा अभ्यास’ या नावाने ओळखला जाणारा उपक्रम राबविला. सुमारे ३० शाळांना आपला अभ्यासक्रम स्वतः आखण्याची मुभा मिळाली आणि अनेक महाविद्यालयांनी त्यांच्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या अटी बाजूस ठेवून, शाळेच्या शिफारशीवर व अभिलेखावर प्रवेश देण्याचे मान्य केले. या शाळांतील १,४७५ विद्यार्थ्यांची तेवढ्याच इतर विद्यार्थ्यांशी जोड्या लावून तुलना करण्यात आली. महाविद्यालयात हे विद्यार्थी इतरांपेक्षा मागे पडले नाहीत, किंबहुना काही बाबतींत किंचित सरस ठरले.

शाळेच्या अभिलेखाचा सामाजिक परिणामही लक्षणीय होता. हार्वर्डने १९२३ मध्ये शाळेच्या वर्गात वरच्या सातव्या भागात आलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना प्रवेश देण्याची योजना आखली. दूरच्या राज्यांतील, विशेषतः दक्षिणेकडील व पश्चिमेकडील मुले यावीत, हा तिचा हेतू होता. प्रत्यक्षात ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढले. ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवू पाहणाऱ्या तत्कालीन धुरिणांना ते मानवले नाही. त्यानंतर केवळ शैक्षणिक गुणवत्तेऐवजी ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ यांसारख्या निकषांना तेथे महत्त्व देण्यात आले. कोणताही निकष तटस्थ नसतो, तो कोणासाठी दार उघडतो यावर त्याचे भवितव्य ठरते, याचे हे बोलके उदाहरण होय.

पुढील काळात वर्गातील स्थान हा निकष सार्वजनिक विद्यापीठांनी उघडपणे स्वीकारला. कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या बृहत् आराखड्याने राज्यातील हायस्कूल पदवीधरांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशकक्षेत आणले. वंशाधारित प्रवेशाला न्यायालयीन आक्षेप आल्यानंतर टेक्सासने १९९७ मध्ये कायदा केला आणि प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत प्रवेशाची हमी दिली. गरीब वस्तीतील शाळेचा पहिला विद्यार्थी आणि श्रीमंत उपनगरातील शाळेचा पहिला विद्यार्थी या कायद्याने एका पातळीवर आले.

नववीच्या बाबतीत कॅलिफोर्निया विद्यापीठाचा नियम विशेष विचारार्ह आहे. विहित विषय नववीतही उत्तीर्ण व्हावे लागतात. मात्र प्रवेशासाठीची गुणसरासरी दहावी व अकरावीच्या श्रेणींवरून काढली जाते. नववीत केलेला अभ्यास मोजला जातो, परंतु नववीत मिळालेली कमी श्रेणी सरासरीला खाली ओढत नाही. नव्या शाळेत, नव्या वयात पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला अडखळण्याची मुभा देणारी ही तरतूद आहे.

तरीही नववीचा प्रभाव पूर्णतः टळत नाही. गणितासारखा विषय पायरीपायरीने चढावा लागतो. आठवी-नववीत बीजगणित सुटले तर बारावीपर्यंत कलनशास्त्रापर्यंत पोचता येत नाही. नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ते रॉबर्ट मोझेस यांनी १९८० च्या दशकात कृष्णवर्णीय व गरीब मुलांसाठी बीजगणित प्रकल्प सुरू केला, तो याच जाणिवेतून. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, नववीच्या अखेरीस ‘मार्गावर’ असलेल्या विद्यार्थ्यांची चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता मागे पडलेल्यांच्या साडेतीन पटींहून अधिक होती. थोडक्यात, नववीचे गुण प्रवेशाच्या सूत्रात धरले नाहीत, तरी नववी आपला हिशेब चुकता करून घेतेच.

अमेरिकेतही हा विश्वास अबाधित राहिलेला नाही. सॉल गायसर व मारिया सँटेलिसेस यांनी २००७ मध्ये सुमारे ८०,००० विद्यार्थ्यांच्या अभ्यासावरून हायस्कूलमधील श्रेणी हाच महाविद्यालयीन यशाचा सर्वांत चांगला निदर्शक असल्याचे दाखविले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये सॅटची अट वगळण्याचा निर्णय घेतला. उलट श्रेणींची फुगवटी वाढल्याची तक्रार होत राहिली. एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, येल व हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये प्रमाणित चाचण्यांची अट पुन्हा आणली.

मुंबई विद्यापीठाचा मार्ग : अनोळखी परीक्षकाचा न्याय

पश्चिम भारतातील व्यवस्था आरंभापासूनच निराळ्या पायावर उभी राहिली. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले, म्हणजे प्रामुख्याने परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ मध्ये झाली. महादेव गोविंद रानडे ती उत्तीर्ण झालेल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होत. मॅट्रिक ही शालान्त परीक्षा नव्हती, ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. मिशिगनने शाळेकडे जाऊन तिचे अध्यापन पाहिले. मुंबई विद्यापीठाने मात्र विद्यार्थ्याला आपल्याकडे बोलावून त्याची उत्तरपत्रिका पाहिली. शाळेत मागील वर्षांत काय घडले, याच्याशी विद्यापीठाला कर्तव्य नव्हते.

शासनाचा शिक्षण विभागही याच दिशेने चालला होता. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत आली. निरीक्षक शाळेत जाऊन मुलांची परीक्षा घेई आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर अनुदान ठरे. शिक्षकाने स्वतः दिलेल्या मताला येथे काहीच मोल नव्हते.

तथापि या पद्धतीची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात खाजगी रीतीने अभ्यास केलेल्यांना विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेस बसता येते, या सवलतीचे स्वागत केले होते आणि वरच्या परीक्षांसाठीही तीच सवलत मागितली होती. ज्याला शाळाच नाकारली गेली, त्याच्यासाठी शाळेचे प्रमाणपत्र ही भिंत असते आणि बाह्य परीक्षा ही खिडकी. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकाला विद्यार्थ्याचे घर, वाडा, वस्ती ठाऊक नसते. जातिबद्ध समाजात या अज्ञानालाच न्यायाचे मोल प्राप्त झाले. आजही पालकांचा मंडळाच्या परीक्षेवरील विश्वास टिकून आहे, त्यामागे ही ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे.

आयोगांच्या शिफारशी आणि दहावीचे वाढते वजन

स्वातंत्र्योत्तर काळात एकाच परीक्षेवर सर्व भार टाकण्याच्या प्रथेवर अधिकृत टीका वारंवार झाली. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) परीक्षापद्धतीची सुधारणा ही सर्वाधिक निकडीची बाब मानली. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) अंतिम मूल्यमापनात अंतर्गत चाचण्या व शालेय अभिलेख यांना योग्य स्थान द्यावे, असे सुचविले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) याही पुढे जाऊन निवडक प्रायोगिक शाळांना दहावीच्या अखेरची परीक्षा स्वतः घेण्याचा अधिकार द्यावा, अशी शिफारस केली. ही शिफारस म्हणजे मिशिगनच्या कल्पनेचेच भारतीय रूप होते. ती व्यापक प्रमाणावर अमलात आली नाही.

महाराष्ट्रात घडले ते उलट. मुंबई राज्यात १९४८ च्या कायद्याने मॅट्रिकची जागा एस.एस.सी. परीक्षेने घेतली आणि प्रवेशपरीक्षा शालान्त परीक्षेत रूपांतरित झाली. १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळ अस्तित्वात आले. १०+२+३ आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. पूर्वी अकरावीनंतर येणारा उंबरठा आता एक वर्ष अलीकडे आला. अकरावीचे वर्ग कनिष्ठ महाविद्यालयांत भरू लागले आणि पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला शाखेची व महाविद्यालयाची निवड दहावीच्या गुणांवर करावी लागली. नामांकित महाविद्यालयांची प्रवेशयादी कोणत्या टक्क्यांवर थांबली, ही मुंबई-पुण्यात दरवर्षीची बातमी बनली.

मग नववीचे काय? नववीचा निकाल पूर्णतः शाळेच्या हाती राहिला. प्रवेशासाठी त्याला किंमत नसल्यामुळे त्याचा एक वेगळाच उपयोग रूढ झाला. दहावीचा निकाल शंभर टक्के लावण्याच्या ईर्ष्येपोटी कच्च्या विद्यार्थ्यांना नववीतच रोखण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली. अशा विद्यार्थ्यांपैकी काही १७ क्रमांकाचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसत, तर काही कायमचे शाळा सोडत. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) आठवीपर्यंत अनुत्तीर्ण न करण्याची तरतूद केल्यानंतर नववी ही पहिली खरी चाळणी ठरली. अमेरिकेत नववीचे गुण विद्यार्थ्याच्या बाजूने वा विरुद्ध साक्ष देतात. महाराष्ट्रात नववीच्या गुणांनी साक्ष दिली नाही, त्यांनी थेट निवाडा केला. शिवाय तो निवाडा शाळेच्या चार भिंतींबाहेर कोणी तपासला नाही.

२००८ ते २०२१ : विश्वासाची कसोटी

विविध मंडळांचे विद्यार्थी अकरावीसाठी एकाच रांगेत उभे राहू लागले, तेव्हा गुणांच्या तुलनेचा प्रश्न न्यायालयात गेला. शासनाचे पर्सेंटाइलचे सूत्र आणि २००९ मधील राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी ९० टक्के जागा राखण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१० मध्ये पाच विषयांतील सर्वोत्तम गुण धरण्याचा निर्णयही उच्च न्यायालयाने रद्द ठरविला, परंतु सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. या सर्व वादांत प्रत्येक पक्षाचा मुद्दा एकच होता : दुसऱ्या मंडळाने दिलेले गुण आपल्या गुणांच्या तोडीचे नाहीत.

शाळांच्या हाती असलेल्या थोड्याशा गुणांवरूनही असाच झगडा झाला. २०१८-१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे २० अंतर्गत गुण बंद करण्यात आले. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर उतरला. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत राज्य मंडळाचे विद्यार्थी मागे पडतात, अशी ओरड झाली आणि पुढील वर्षी हे गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के होता. अंतर्गत गुण शिक्षकाच्या पारखीचे साधन म्हणून आले नाहीत, स्पर्धेतील भरपाई म्हणून परत आले, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

या पार्श्वभूमीवर २०२१ चे सूत्र पाहिले पाहिजे. त्या तुकडीचे नववीचे वर्ष २०१९-२० हे होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली. त्यामुळे नववीचा निकाल मुख्यतः पहिल्या सत्रातील परीक्षा व अंतर्गत मूल्यमापन यांवर आधारलेला होता. दिवाळीपूर्वीच्या एका सत्रपरीक्षेत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने केलेला अभ्यास किंवा केलेली हयगय दीड वर्षाने त्याच्या अकरावीच्या प्रवेशाचा आधार ठरली. ती परीक्षा देताना ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती आणि त्याच्या शिक्षकालाही नव्हती. प्रवेशात नववीचे गुण धरण्यात तत्त्वतः वावगे काही नाही, परंतु ते पश्चात् धरणे हा वेगळा प्रकार आहे.

शंभर टक्के गुण मिळविणाऱ्यांची संख्या २०१९ मध्ये २०, २०२० मध्ये २४२ आणि २०२१ मध्ये ९५७ होती. शासनाने अकरावीसाठी २१ ऑगस्ट रोजी ऐच्छिक सामायिक प्रवेशपरीक्षा योजली होती आणि ती देणाऱ्यांना प्रवेशात प्राधान्य मिळणार होते. शाळांनी दिलेल्या गुणांवर राज्याने गुणपत्रिका दिली, पण त्याच गुणांवर प्रवेश देण्याची मात्र त्याची तयारी नव्हती, असाच याचा अर्थ होतो. १० ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही परीक्षा रद्द ठरविली आणि प्रवेश शाळांच्या गुणांवरच झाले.

समारोप

हा प्रश्न आता पुन्हा समोर आला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार स्थापन झालेल्या ‘परख’ या संस्थेने २०२४ च्या आपल्या अहवालात बारावीच्या अंतिम मूल्यमापनात नववीला १५, दहावीला २०, अकरावीला २५ व बारावीला ४० टक्के वजन द्यावे, असे सुचविले. दुसरीकडे केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश २०२२ पासून सामायिक प्रवेशपरीक्षेकडे वळले. शालेय अभिलेखाला महत्त्व देण्याची सूचना आणि त्याला प्रवेशातून वगळणारी परीक्षा एकाच काळात पुढे आल्या, हा विरोधाभास स्पष्ट आहे.

इतिहासाच्या आधारे तीन गोष्टी म्हणता येतात. पहिली म्हणजे, शालेय गुणांना प्रवेशात स्थान मिळाले ते टक्केवारीच्या सूत्राने नव्हे. त्यापूर्वी विद्यापीठाचा प्राध्यापक हायस्कुलाच्या वर्गात जाऊन बसला होता. महाराष्ट्रात वरिष्ठ महाविद्यालयाचा शिक्षक आणि नववीचा शिक्षक यांच्यात असे नाते कधी निर्माण झाले नाही. दुसरी गोष्ट, बाह्य परीक्षेने वंचितांना दिलेला अनामिकतेचा आधार काढून घेताना त्याच्या जागी काय येणार, याचे उत्तर आधी द्यावे लागेल. ज्या शाळेत नववीचा वर्ग चाळणी म्हणून वापरला जातो, तेथे नववीचे गुण प्रवेशात धरल्यास त्या चाळणीलाच अधिक धार येईल. तिसरी गोष्ट कॅलिफोर्नियाच्या नियमातून दिसते. नववीचा अभ्यास मोजावा, पण नववीतील ठेच आयुष्यभर वागवायला लावू नये.

२०२१ मध्ये दहावी झालेली मुले नंतर पदवीच्या वर्गांत येऊन बसली. त्यांच्या गुणपत्रिकेवर शंका घेणे सोपे होते आणि ती अनेकांनी घेतली. परंतु त्या गुणपत्रिकेवरील निम्मे गुण नववीच्या शिक्षकाने दिले होते. त्याच्या शब्दाला एरवी दीडशे वर्षे कोणी विचारले नव्हते आणि विचारले तेव्हा त्याला आधी सांगितलेही नव्हते. शिक्षकाच्या मूल्यमापनावर विश्वास ठेवायचा असेल, तर तो आपत्काळात उसना घेऊन चालणार नाही, त्यासाठी शाळा आणि महाविद्यालय यांच्यातील बंद राहिलेला दरवाजा नेहमीच्या दिवसांत उघडावा लागेल.